आमची वाटचाल : मातीची वीट आणि सळईचा पट्टा

१९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मातीच्या भिंतीचं नाव काढलं की लोक हात जोडायचे. तिथे माणसं गेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींमुळे आणि वरच्या माळवदाच्या वजनामुळे, हे समजावण्यातच आमची उमेदीची वर्षं गेली. छप्पर जितकं जड, तितका भूकंपाचा हिसका मोठा.

आमचा माल म्हणजे चाळलेली माती, वाळू आणि पाच ते दहा टक्के सिमेंट यांची दाबून केलेली वीट. भट्टी नाही. कोपऱ्यातल्या विटा पोकळ, उभी सळई त्यातूनच जाते. भरणी बरोबर असेल तर दाबयंत्राचा दांडा शेवटी अडतो, दोघांना लोंबकळावं लागतं. सहज खाली आला तर माती कमी पडली समजा, ती वीट पुन्हा चाळणीवर. भागीदाराला हे दांड्याला हात लावताच कळायचं.

मग एक बडी कंपनी उतरली. भिंतीवर वेली, गच्चीवर बाग, दारात हरित मानांकनाची पाटी. दर आमच्यापेक्षा कमी. कसे परवडतात, ते त्यांच्या साइटवर गेल्यावर कळलं. लिंटलला, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वर, सगळ्या भिंती एकत्र बांधणारा सळईचा काँक्रीट पट्टाच नाही. आयएस ४३२६ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकातले पट्टे प्लास्टरखाली जातात, फोटोत कुठे दिसतात? कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांचे हुक ९० अंशांत वाकवलेले. आयएस १३९२० या काँक्रीटच्या भूकंप-मानकात १३५ सांगितलेत, कारण हिसक्याने वरचं काँक्रीट उडालं की ९० चा हुक उघडतो आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. गच्चीवर फूटभर ओली माती म्हणजे चौरस मीटरला अर्धा टनाहून जास्त. हिशोबात धरलीत का, विचारलं. सुपरवायझर म्हणाला, "पाणी जायला पाइप दिलाय ना."

गिऱ्हाईक मात्र तिकडेच गेलं. आमच्या यंत्रावर ताडपत्री पडली, बँकेचे हप्ते थकले. भागीदार दिवसा दुसऱ्याच्या साइटवर मुकादमी करायचे आणि संध्याकाळी येऊन यंत्राला ग्रीस लावायचे. तगलो ते एका मुख्याध्यापिका बाईंमुळे. भूजचा २००१ चा भूकंप त्यांनी अनुभवलेला. बाकीचे दर विचारायचे, बाई सळयांचा तक्ता मागायच्या. ओतकामाआधी रिंगांमधलं अंतर स्वतः टेप लावून मोजायच्या. शाळेची एक खोली झाली, मग दुसरी, आणि प्रत्येक वेळी आगाऊ रक्कम.

पुढची वर्षं बरी गेली.

विचारलं नाहीत तरी सांगतो. राखमिश्रित सिमेंट जरूर वापरा, पण त्याला ताकद उशिरा येते, सेंटरिंग काढायची घाई नको. पार्किंगसाठी तळमजला मोकळा सोडायचा तर खांबांचा हिशोब आधी अभियंत्याकडून करून घ्या. अहमदाबादेत २००१ मध्ये असल्याच इमारती बसल्या. सौर पॅनेल नुसते विटा ठेवून दाबू नका, स्लॅबला अँकर मारा.

परवा त्या कंपनीचा माणूस आमच्या दाबयंत्राची किंमत विचारायला आला होता. यंत्र विकायचं नाही म्हटलं, पट्ट्यांचे नकाशे मात्र फुकट न्या. अजून कोणी न्यायला आलेलं नाही.