मोबाइलवरचं सर्टिफिकेट आणि पेशंट सांभाळणाऱ्या आमच्या बायका

“सिस्टर, हे करू का?” असा मेसेज आला की त्याच्याखाली पोस्टर असतंच. पांढरा कोट घातलेली हसरी मुलगी, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि लाल अक्षरात ‘घरबसल्या केअरगिव्हर सर्टिफिकेट, ३ दिवसांत, १०० टक्के जॉब’. मी नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला, स्टाफ नर्स होते, आता रिटायर होऊन मानेवाड्याला घरी बसली आहे, म्हणजे बसू कोण देते म्हणा, आजूबाजूच्या पेशंट सांभाळणाऱ्या बायका रोज काही ना काही पाठवतच राहतात. प्रत्येकीला वेगळं उत्तर टाइप करून करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं इथं लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक फॉरवर्ड केली की झालं.

कोण आहेत या बायका ते आधी सांगते. वाठोडा, भांडेवाडी, कळमन्याकडून सकाळी ‘आपली बस’ या सिटी बसनं नाहीतर कोणाच्या स्कूटीवर मागे बसून धरमपेठ, बजाजनगर, त्रिमूर्तीनगरला जाणाऱ्या. घर मोठं, पोरं पुण्याला नाहीतर अमेरिकेत, घरी आजी-आजोबा दोघंच आणि त्यातलं एक जण पलंगावर. आठ ते आठ ड्यूटी. आंघोळ, डायपर, भरवणं, रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) फीड, कॅथेटरची म्हणजे लघवीच्या नळीची पिशवी रिकामी करणं, वेळेवर कूस बदलवणं, हे सगळं त्याच करतात. आणि शिकवलं कोणी? आधीच्या बाईनं, सुटी घेण्याआधी एक दिवस सोबत राहून. वरून काम लावून देणारा ब्युरोवाला कमिशन कापतो ते वेगळंच. कितीही वर्षं काम केलं तरी हातात कागद काहीच नाही, घर बदललं की पगार पुन्हा पहिल्या पायरीवर.

म्हणून माझं सरळ मत आहे की कोर्स कराच. पण तो ३ दिवसवाला नको.

खरा कोर्स कसा ओळखायचा ते सांगते. या कामाचे सरकारमान्य जॉब रोल ठरलेले आहेत, ते हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलनं बनवले. हॉस्पिटलमधल्या वॉर्डाच्या कामासाठी जनरल ड्यूटी असिस्टंट आणि घरी जाऊन काम करणाऱ्यांसाठी होम हेल्थ एड. दोन्हींना क्यूपी कोड (क्वालिफिकेशन पॅकचा नंबर) आहेत, जनरल ड्यूटी असिस्टंटचा एचएसएस/क्यू५१०१ आणि होम हेल्थ एडचा एचएसएस/क्यू५१०२. पोस्टरवाल्याला फोन करून फक्त एवढंच विचारा, “सर्टिफिकेटवर क्यूपी कोड कोणता येईल आणि असेसमेंट कोण घेणार?” खरा असेल तर तो लगेच सांगतो, खोटा असेल तर “मॅडम, सीट लिमिटेड आहे, आजच भरा” यावर येतो. हा प्रश्न मी इतक्या जणींना पाठ करून दिला आहे की आता त्या एकमेकींना शिकवून राहिल्या.

रजिस्ट्रेशन स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर होतं, मोबाइलवरूनच, पण आधारला मोबाइल नंबर लिंक पाहिजे कारण ओटीपी त्यावर येतो. इथंच निम्म्या बायका अडकतात. आधारला जुना नंबर, तो नंबर नवऱ्याचा, सिम बंद पडलेलं. तर कोर्स शोधण्याच्या आधी आधार सेंटरवर जाऊन नंबर बदलून घ्या, बाकीचं नंतर. २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना चालू आहे, त्यातल्या कोर्सला शिकणाऱ्याकडून फी घेत नाहीत, त्यामुळे त्या योजनेचं नाव सांगून कोणी पैसे मागत असेल तर तिथूनच उठून या.

आणि ज्यांना आधीच कामाचा अनुभव आहे त्यांच्यासाठी आरपीएल नावाचा प्रकार आहे, रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग. म्हणजे जे येतं त्याचीच परीक्षा, आधी थोडं ओरिएंटेशन, मग असेसरसमोर म्हणजे परीक्षकासमोर करून दाखवायचं, पास झालं की सर्टिफिकेट. पाच-दहा वर्षं पेशंट सांभाळलेल्या बाईला पुन्हा पहिल्या दिवसापासून वर्गात बसवण्यात काय अर्थ आहे? माझ्या मते आपल्याकडच्या बायकांना सगळ्यात जास्त फायद्याचं हेच आहे आणि याचंच पोस्टर कोणी लावत नाही.

दुसरा रस्ता इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी ओपन युनिव्हर्सिटीचा. जनरल ड्यूटी असिस्टन्स, जेरियाट्रिक (म्हाताऱ्या माणसांची) केअर असिस्टन्स, होम हेल्थ असिस्टन्स असे सर्टिफिकेट प्रोग्राम त्यांच्याकडे आहेत. नागपुरात रिजनल सेंटर आहे, या सेशनला कोणत्याचं अ‍ॅडमिशन चालू आहे आणि प्रॅक्टिकल कुठं होईल ते तिथं जाऊनच विचारा, फोनवर अर्धं समजते. यात अभ्यास जास्त आहे, पुस्तकं वाचावी लागतात, पण युनिव्हर्सिटीचं नाव कागदावर असतं.

आता ऑनलाइनचं. मी आधी नाक मुरडायची, खोटं कशाला बोलू, नर्सिंग काय व्हिडिओ बघून येते का म्हणायची. पण जे “का” आहे ते मोबाइलवर फार छान समजतं. दर दोन तासांनी कूस बदलवायची हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण कंबरेच्या खाली लाल डाग दिसला आणि बोटानं दाबून सोडल्यावरही पांढरा होत नाही तर ती बेडसोरची, पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे, हे चित्रात एकदा बघितलं की विसरत नाही. फीड देताना डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवायचं आणि नंतरही अर्धा-एक तास तसंच, नाहीतर दूध फुप्फुसात जाऊ शकते. लघवीची पिशवी कंबरेच्या वर कधीच न्यायची नाही, व्हीलचेअरवर बसवताना मांडीवर ठेवून देतात ना, तेच चुकते. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं की लेकाला व्हिडिओ कॉल करत बसायचं नाही, आधी १०८. शुगर ७० च्या खाली म्हणजे काय आणि पेशंट शुद्धीवर असेल तरच तोंडानं साखर-पाणी द्यायचं. या सगळ्या गोष्टी दुपारी पेशंट झोपला असताना दहा-दहा मिनिटांच्या व्हिडिओत होतात. फक्त दोन्ही कानात इयरफोन घालू नका बाप्पा, एक कान आजीकडे ठेवा.

नागपूरचं म्हणून एक जास्तीचं, जे कोणत्याच कोर्समध्ये मला दिसलं नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याचं कळतच नाही नीट. कूलरसमोर झोपलेले आजोबा शांत आहेत म्हणून खूश होऊ नका, डायपर सकाळपासून कोरडा आहे का ते बघा, लघवीचा रंग बघा. हार्ट किंवा किडनीचा पेशंट असेल तर पाणी किती हे डॉक्टरलाच विचारायचं, आपल्या मनानं वाढवायचं नाही.

पण हात. हात मोबाइलवर शिकत नाहीत. लकवा झालेल्या ऐंशी किलोच्या माणसाला पलंगावरून खुर्चीत बसवणं व्हिडिओ बघून शिकणं म्हणजे फुटाळा तलावाच्या पाळीवर बसून पोहणं शिकणं. खुर्ची चांगल्या बाजूला लावायची, ब्रेक लावायचा, पेशंटची बोटं-चप्पल बघायची, आपले गुडघे वाकवायचे आणि पाठ सरळ, हे सगळं एकाच वेळी करायचं असतं आणि एक चुकलं की दोघंही खाली. म्हातारं हाड मोडलं की पुढचं सगळंच अवघड. बायकांच्या कमरा तर चाळिशीतच जातात या कामात, त्याचं कोणी बोलत नाही. म्हणून थिअरी मोबाइलवर आणि प्रॅक्टिकल सेंटरला किंवा हॉस्पिटलला, असा मिक्स कोर्सच घ्या. नुसता ऑनलाइन असेल तर तो ज्ञानासाठी करा, करिअर त्याच्यावर उभं करू नका.

इंग्लिशची भीती सगळ्यांनाच असते. “सिस्टर, मले इंग्लिश नाही जमत” हे वाक्य मी रोज ऐकते. हिंदीत व्हिडिओ भरपूर आहेत, आणि खरं सांगू का, तुम्हाला ऑक्सिजन, सॅच्युरेशन, बीपी, युरिन, कॅथेटर, नेब्युलायझर हे शब्द येतातच की! एका वहीत पन्नास-साठ शब्द लिहून काढले तर परीक्षेपुरतं इंग्लिश तिथंच झालं.

आता कडू बोलते. सर्टिफिकेट मिळालं म्हणजे नर्स झालो नाही. होम हेल्थ एडनं इंजेक्शन द्यायचं नाही, सलाइन लावायचं नाही, स्वतःच्या मनानं गोळी द्यायची नाही. नर्स म्हणजे एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी असा नर्सिंगचा कोर्स करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन असलेली. एका ब्युरोनं आमच्या ओळखीच्या मुलीला महिन्याभराच्या ट्रेनिंगवर पांढरा कोट घालून ‘सिस्टर’ म्हणून पाठवलं, घरच्यांकडून नर्सचे पैसे घेतले आणि तिला दिले आयाचे. त्या घरच्या सूनबाई तिला रोज म्हणायच्या, “इन्सुलिनच तर आहे, काऊन नाही देत?” पोरगी हुशार निघाली, म्हणाली, “ताई, मी वेळेची आठवण देते, सुई तुम्ही द्या, आणि किती दिलं ते मी वहीत लिहिते.” मला इतकं बरं वाटलं ऐकून! असं ठाम, पण गोड बोलून नाही म्हणणं कोर्समध्ये शिकवलं होतं तिला, भूमिकेची सीमा असा एक धडाच होता म्हणे.

वहीचं आलंच आहे तर, पगार वाढवायचा असेल तर कागदाइतकीच ती वही कामाची आहे. बीपी, शुगर, किती खाल्लं, शौचाला कधी, कूस कधी बदलवली, कातडी कशी आहे. लेक पुण्याहून आला की त्याच्या हातात द्या. डॉक्टरसुद्धा त्या वहीला मान देतात, मी बघितलं आहे. पैसे वाढवून मागताना सर्टिफिकेट आणि वही दोन्ही समोर ठेवून मागा, लाजत दारात उभं राहून नाही.

पुढे कुठं जाता येते? हॉस्पिटलमध्ये जनरल ड्यूटी असिस्टंट, होमकेअर कंपनीत इतर बायकांच्या ड्यूट्या लावणारी को-ऑर्डिनेटर, बारावी झालेली असेल आणि घरून साथ असेल तर दोन वर्षांचं एएनएम. परदेशाचं विचारणारेही खूप आहेत. जपानला नर्सिंग केअरसाठी स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर व्हिसा आहे, त्याला कामाची परीक्षा आणि जपानी भाषेची परीक्षा दोन्ही पास करावी लागतात. इस्रायलसाठी २०२४ मध्ये भारतातून ५ हजार केअरगिव्हरची भरती निघाली होती, त्यात किमान दहावी आणि ९९० तासांच्या प्रत्यक्ष कामाच्या ट्रेनिंगचा कोर्स मागितला होता. ९९० तास कुठं आणि ते ३ दिवस कुठं, तुम्हीच बघा. आणि परदेशी पाठवतो म्हणणारा एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर रजिस्टर आहे का ते बघितल्याशिवाय त्याला पासपोर्टची झेरॉक्सपण देऊ नका.

हे वाचणाऱ्यांत ज्यांच्या घरी अशी बाई कामाला आहे त्यांनाही दोन शब्द. तिच्या परीक्षेच्या दिवशी सुटी द्या, पगार न कापता. घरचं वायफाय द्या, तुमचं काही जात नाही. तिनं शिकून आल्यावर पैसे वाढवून मागितले तर “आम्हीच तर शिकवलं” असं म्हणू नका, आईची पाठ बेडसोरशिवाय राहिली तर ड्रेसिंगवाल्याचा आणि अ‍ॅडमिशनचा किती खर्च वाचला तो हिशोब करा.

राहिलं ते कागदांचं. अ‍ॅडमिशन घेताना दहावीची मार्कशीट, टीसी ओरिजिनल कोणालाच ठेवायला देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती, कॅश असली तरी. सर्टिफिकेट आलं की डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमध्ये दिसते का बघा आणि त्याच्यावरचा क्यूआर कोड कोणाच्या तरी फोनवर स्कॅन करून बघा. आणि पोस्टर मला पाठवायचंच असेल तर पैसे भरायच्या आधी पाठवा, दुपारी दोन ते चार सोडून, तेव्हा मी झोपते.