ॲक्टिव्ह की पॅसिव्ह, हे आधीचं वाक्य बघून ठरतं

शाळेत चेंज द व्हॉइस आपण सगळ्यांनीच केलंय. राम ईट्स अ मँगो, त्याचं अ मँगो इज ईटन बाय राम, आणि बाय लिहायला विसरलं की मार्क गेले. त्यामुळे डोक्यात पक्कं बसतं की ही दोन वाक्यं म्हणजे एकच गोष्ट, नुसती फिरवून लिहिलेली. मग नोकरीला लागल्यावर कुणीतरी बरोबर उलटं सांगतं, पॅसिव्ह वाईट, कायम ॲक्टिव्हच लिहा, आणि ग्रामर चेकर तर पॅसिव्ह दिसला रे दिसला की खाली रेघ मारतो. मी रोज दुसऱ्यांचं इंग्रजी तपासते, थीसिस, रिपोर्ट, अर्ज, सगळंच, आणि मला मनापासून वाटतं की या दोन्ही शिकवण्यांत मुख्य प्रश्नच राहून गेलाय. आधीच्या वाक्यात वाचकाचं लक्ष कुणावर होतं?

समजा तुम्ही अजिंठ्यावर इंग्रजीत लिहिताय. दोन-तीन वाक्यं लेण्यांवर झाली, आता सांगायचंय की 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाचा ब्रिटिश अधिकारी शिकारीला आला आणि त्याला ही लेणी दिसली. इथे जॉन स्मिथ, अ ब्रिटिश ऑफिसर, सॉ देम इन 1819 असं लिहिलं तर व्याकरण बरोबरच आहे, पण वाचक लेण्यांत रमलेला असताना हा साहेब अचानक मध्ये येऊन उभा राहतो. त्याऐवजी इन 1819 दे वर सीन बाय अ ब्रिटिश ऑफिसर, जॉन स्मिथ असं लिहून बघा. लेणी जागच्या जागी राहतात, नवा माणूस वाक्याच्या शेवटी येतो आणि आता वाचकाची नजर त्याच्यावर आहे म्हणून पुढचं वाक्य सरळ इंग्रजी 'ही' (he) ने सुरू करता येतं. आणि ते ॲक्टिव्हच हवं, कारण या साहेबाने दहाव्या लेण्यात स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली. ही स्क्रॅच्ड हिज नेम. इथे हिज नेम वॉज स्क्रॅच्ड लिहिलं तर ते कुणी कोरलं हेच गायब होतं, आणि सांगायचं तर तेच होतं.

आता लेणी खोदणारे. द केव्ह्ज वर कार्व्ड आउट ऑफ बसॉल्ट. बाय नाही, कारण त्या पाथरवटांची नावं आपल्यापर्यंत आलेलीच नाहीत, उगाच बाय स्किल्ड आर्टिझन्स जोडून काय मिळणार? खऱ्या इंग्रजीत, पेपरात, पुस्तकात, बहुतेक पॅसिव्ह वाक्यं अशीच असतात, बाय शिवाय. शाळेत मात्र प्रत्येक वाक्याला बाय चिकटवायला लावतात, म्हणून मुलं मोठी होऊन टी वॉज मेड बाय मी असलं काहीतरी लिहितात जे कुणी कधी बोलत नाही. त्यात मराठीची भर, तिने पत्र लिहिलं हा आपल्या व्याकरणात कर्मणि प्रयोग, म्हणून काही जण इंग्रजीतही पॅसिव्ह करायला जातात, पण इंग्रजीत ते साधं शी रोट अ लेटर.

पॅसिव्ह बदनाम झाला तो जबाबदारी झटकणाऱ्यांमुळे, आणि ती तक्रार खरी आहे. 1987 च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष रीगन इराणला शस्त्रं विकण्याच्या प्रकरणावर संसदेसमोर बोलले, सीरियस मिस्टेक्स वर मेड. कुणी केल्या? वाक्यात पत्ताच नाही. मार्चमध्ये त्याच विषयावर देशासमोर आले तेव्हा आय टेक फुल रिस्पॉन्सिबिलिटी म्हणाले, आणि हा फरक ऐकणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

पण लपायचंच असेल तर ॲक्टिव्हमध्येही आरामात लपता येतं! अ डिले हॅज ऑकर्ड हे पूर्ण ॲक्टिव्ह वाक्य आहे आणि उशीर कुणी केला ते यातही नाही, मराठीतल्या 'चुका झाल्या' सारखंच. म्हणून फक्त पॅसिव्ह शोधून खोडत बसण्यात अर्थ नाही, करणारा कोण आणि तो वाचकाला कळायला हवा का, हे बघायला लागतं. आपल्या ऑफिसातल्या पत्रांत मात्र तो हमखास कळायला हवा असतो. कळविण्यात येते की या वळणाचं इट इज हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट लिहिलेलं असतं आणि अर्जदाराला शेवटपर्यंत समजत नाही की आता कुणाकडे जायचं. तिथे मी न विचारता बदलते.

थीसिसमध्ये वेगळं. सॅम्पल्स वर हीटेड टू 80 डिग्रीज, हे अगदी योग्य, कारण कुणी तापवलं याने काही फरक पडत नाही, किती तापवलं याने पडतो. पण कुठले सॅम्पल वगळले, निष्कर्ष काय काढला, ही तुमची निवड आहे, तिथे वी आलंच पाहिजे. कितीतरी गाइड आय आणि वी म्हणजे अशास्त्रीय म्हणून लाल पेनाने खोडतात, आणि मला दरवेळी वाईट वाटतं, कारण 1953 मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएच्या रचनेवरचा पेपर सुरूच केला होता वी विश टू सजेस्ट असं म्हणून. असा वी खोडलेला दिसला की मी तो परत घालते आणि बाजूला हेच उदाहरण लिहून पाठवते.

एक शेवटचं, हॅपन आणि ऑकर यांचा पॅसिव्ह होतच नाही. ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड नाही, ॲक्सिडेंट हॅपन्ड. हे इतक्या चांगल्या शिकलेल्या लोकांच्या लिखाणात दिसतं की सांगितल्याशिवाय राहवत नाही.