मानपूरचा घाट आणि आमची शेवभाजी

रस्त्यावरची जुनी हॉटेलं का बंद पडली, असा विषय निघाला की सगळे 'बायपास' म्हणून मोकळे होतात. आमचं हॉटेल बायपासनं बंद पडलेलं नाही. इंदूरचा बायपास शहराच्या पूर्वेला. आमचं हॉटेल महूच्या पुढे मानपूरला, आग्रा-मुंबई रोडवर, धुळ्याकडून घाट चढून वर आलं की डाव्या हाताला. ते घाटामुळे चाललं आणि गाड्या सुधारल्या म्हणून बसलं, असं माझं मत. काकांना ते अजून पटत नाही.

माळवा वर, निमाड खाली, मधे विंध्याचा कडा. खलघाटला नर्मदा ओलांडून धामनोद, गुजरी करत भरलेला ट्रक वर यायचा तेव्हा त्याचं इंजिन उन्हाळ्यात घाटातच उकळायला लागायचं. म्हणून आजोबांनी हॉटेलच्या भिंती उठायच्या आधी हौद बांधून घेतला. पाणी फुकट. क्लीनर पोरगा ओलं गोणपाट रेडिएटरच्या झाकणावर टाकायचा, तोंड फिरवायचा आणि झाकण अर्धंच सैल करायचा. आधी फुस्सकन वाफ, मग गंजकट तांबडं पाणी. गार पाणी एकदम ओतायचं नाही, इंजिनाचं हेड तडकतं, हे मला सायकलसुद्धा येत नव्हती तेव्हापासून माहीत आहे. ड्रायव्हर उतरून थेट माठाकडे वळला की आजोबा गल्ल्यावरूनच ओरडायचे, "उस्ताद, पहले गाडी को पिलाओ!"

गाडी गार व्हायला अर्धा-पाऊण तास लागणारच. तेवढ्या वेळात माणूस काय करणार? जेवणार. आमचा सगळा धंदा त्या पाऊण तासाचा.

आजोबा इंदूरच्या रामबागेतले. मिलची नोकरी सोडून ट्रकवाल्यांना जेवू घालायचं म्हटल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली. पुढे तेच नातेवाईक नाशिकला जाता-येता फुकट जेवून जायचे, ते असो. आजी मात्र माहेरची धुळ्याची, आणि हॉटेल खरं तिनंच चालवलं. शेवभाजी तिची.

आता शेवभाजी खानदेशातही आहे आणि माळव्यातही, पण दोघी एकमेकींना ओळख दाखवणार नाहीत. खानदेशी म्हणजे कांदा-खोबरं काळपट होईस्तोवर भाजून, काळा मसाला, वर बोटभर लाल तर्री. माळव्यातलं सेव-टमाटर आंबटगोड, टोमॅटो पुढे, वर चिमूटभर साखर. आमचा रोड नेमका दोन्हीकडचा. धुळ्याचा ड्रायव्हर साखर लागली की ताट सारायचा आणि देवासचा तर्री बघून कपाळाचा घाम पुसायचा. शेवटी आजीनं भट्टीवर दोन पातेली चढवली. पोऱ्या टेबलाशी जाऊन एवढंच विचारायचा, "इकडची की तिकडची?" शेव दोन्हींत शेवटीच, ताट उचलताना. आधी घातली की पिठलं होतं. शेव मात्र जाडच हवी. इंदुरी बारीक शेव रश्श्यात पडली की विरघळलीच. ती पोह्यांवर.

पोहे सकाळी. त्यावरून आजी आणि कारागिराची कायमची तेढ. तो धारचा, त्याच्या पद्धतीनं पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून वाफेवर गरम राहणार, बडीशेप पडणार, जिरावण मसाला भुरभुरणार. आजीला बडीशेप म्हणजे जेवणानंतरची वस्तू. गिऱ्हाईक कारागिराच्या बाजूनं होतं, म्हणून ती गप्प बसायची आणि घरच्यांसाठी वेगळे कांदेपोहे करायची.

ट्रकवाल्यांखेरीज दुसरं गिऱ्हाईक म्हणजे आपली इंदूरची मराठी मंडळी. नाशिक-पुण्याला जायला मनमाडकडे सरळ लोहमार्गच नाही. इंदूर-मनमाड लोहमार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली ती २०२४ मध्ये, ३०९ किलोमीटरची. तोवर लग्न असो की दहावं, जायचं रस्त्यानंच. आमच्या ओट्यावर किती सोयरिकी जुळल्या असतील! ही मंडळी भाजी एक आणि रस्सा तीनदा मागायची.

मग नव्या गाड्या आल्या. टर्बो इंजिन, कूलंट. घाट चढून आलेला ट्रक न थांबता महूकडे निघून जायला लागला. हौद आधी ओस पडला, टेबलं नंतर. रस्ता चौपदरी झाला तेव्हा रुंदीकरणात ओटा आणि हौद गेले, मधे दुभाजक आला आणि इंदूरकडून येणारी गाडी समोर दिसत असूनही वळेना. काका म्हणतात, हॉटेल बसलं ते यामुळेच. पण तोवर दुसरं पातेलं चढणं बंद होऊन बराच काळ लोटला होता, हे ते विसरतात. रस्त्याचा राष्ट्रीय महामार्गाचा नंबरही बदलला: आधीचा तीन नंबर आता पंजाब-लडाखकडे गेला, आमच्याकडे बावन्न आला.

भांडी वाटली गेली. मोठी पातेली महूच्या एका मंडपवाल्यानं घेतली, पाटा-वरवंटा आत्यानं नाशिकला नेला. तर्री तिच्याच हाताला उतरली आहे. सेव-टमाटर आमची काकू करते, इंदूरच्या सुदामा नगरात. दिवाळीत आत्या आली की गॅसच्या दोन शेगड्यांवर दोन्ही होतात, आणि काकू आत्याची पाठ वळली की तर्रीत साखर टाकते. आत्याला ते माहीत आहे. ती मीठ टाकते.