टाकीचं फिटिंग: नुसते आटे जुळून भागत नाही

माझ्या जुन्या मॉरिस मायनर मोटारीच्या कामात या वेळची प्रगती पितळेच्या एका छोट्या तुकड्यापुरतीच आहे: पेट्रोलच्या टाकीला नळी जोडणारं फिटिंग. पण त्या तुकड्याने इतकं शिकवलं की सविस्तर लिहितो.

आधी लक्षण सांगतो. चावी फिरवली की एसयू पंप, म्हणजे पेट्रोल ओढणारा विजेचा पंप, थोडा वेळ टिकटिक करून थांबायला हवा. कार्ब्युरेटरची वाटी भरून सुईची झडप बंद झाली की त्याला काम उरत नाही. आमचा पंप थांबतच नव्हता. झडप ठीक होती, पुढे कुठे पेट्रोलही गळत नव्हतं, म्हणजे ओढीच्या बाजूने हवा शिरत होती. मायनर 1000 मध्ये टाकी मागे आणि पंप पुढे, इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर. मधली सगळी नळी पंपाच्या ओढीवर चालते. टाकीच्या तोंडाशी केसाएवढी फट असली, तरी पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. असा दोष बोटाला ओला लागत नाही, वासही देत नाही.

टाकी उतरवल्यावर कारण दिसलं. फिटिंगच्या खांद्याखालचा वॉशर वाळून तडकला होता आणि सुरुवातीचे आटे चेपले होते. शिवाय ही टाकी मूळची नाही, आधीच्या कुणा मालकाने बनवून घेतलेली आहे. त्यामुळे पार्टबुकातला क्रमांक इथे कामाचा नव्हता, मोजण्यावाचून इलाज नव्हता.

व्हर्नियरवर आट्यांचा बाहेरचा व्यास 13.1 मिमी आला. या आकाराच्या आसपास बरीच गर्दी आहे. पाव इंची बीएसपी (ब्रिटिश पाइपाचे आटे) 13.157 मिमी, इंचाला 19 आटे. पाव इंची एनपीटी (अमेरिकन पाइपाचे आटे) साधारण 13.7, इंचाला 18 आटे आणि तेही निमुळते. अर्धा इंची यूएनएफ (अमेरिकन बारीक आटे) 12.7, इंचाला 20 आटे. मेट्रिक एम14 दीड मिमी पिचचा (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर). जुनं, झिजलेलं पितळ असेल तर नुसत्या व्यासावर विश्वास ठेवता येत नाही. आटे मोजायला जावं, तर जेमतेम दहा मिमी लांबीत 19 आणि 20 मधला फरक अर्ध्या आट्याहूनही कमी पडतो. (बीएसपीतला ‘पाव इंच’ फिटिंगवर कुठेही मोजून सापडत नाही. तो जुन्या पाइपाच्या आतल्या पोकळीवरून आलेला आहे.)

निकाल लावला तो कोनाने. व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश घराण्याच्या आट्यांचा, बीएसपी त्यातलाच, कोन 55 अंश असतो, अमेरिकन आणि मेट्रिक आट्यांचा 60. पिच गेजचं (आटे ताडून बघायच्या दातेरी पात्यांच्या संचाचं) पातं आट्यांत बसवून मागे दिवा धरला. 60 अंशाच्या पात्याच्या कडेला प्रत्येक दरीत उजेडाची बारीक रेघ दिसत होती. 55 अंशाचं, 19 आट्यांचं पातं लावल्यावर ती पूर्ण बुजली. पाव इंची बीएसपी, सरळ आट्यांचा. टाकीच्या तोंडातले आटेही तेच आहेत का हे बघायला तोंडात मऊ माती दाबून ठसा घेतला आणि त्यावर पुन्हा तेच पातं धरलं.

या मापाची फिटिंगं सहज मिळतात, पण त्यातली बरीच निमुळत्या आट्यांची असतात. ती सरळ आट्यांच्या तोंडात घट्ट बसतात, टेफ्लॉन टेप लावली की गळतही नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: टाकीवर हे करू नये. टाकीचं तोंड म्हणजे पातळ पत्र्यावर कथलाने झाळलेली पितळी कडी. निमुळतं फिटिंग पाचरीसारखं तिला आतून फाकवतं आणि आज न दिसणारी चीर उद्या झाळीत दिसते. टेपचे धागे सुटून जाळीत आणि जेटमध्ये अडकतात ते वेगळंच. सरळ आटे, सपाट खांदा आणि खाली वॉशर, इथे हेच योग्य. मी रबराची कडा असलेला धातूचा वॉशर घेतला. रबर व्हायटॉनचं, कारण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात जुन्या जातीची रबरं टिकत नाहीत. आवळताना एक पान्हा कडीवर, दुसरा फिटिंगवर. कडीला पीळ बसता कामा नये.

दुसरं टोक नळीचं. माझी नळी 5/16 इंची, म्हणजे 7.94 मिमी. 8 मिमीचा ऑलिव्ह (नट आवळल्यावर नळीवर दाबली जाणारी कडी) तिच्यावर सरकतो, पण ढिला सरकतो. ओढीच्या बाजूला ती ढिलाई मला नको होती, म्हणून ऑलिव्ह आणि नट दोन्ही इंची मापाचे घेतले.

खरी मेहनत आतल्या बाजूला होती. टाकीचं तोंड बाजूच्या पत्र्यावर, वरच्या अंगाला आहे. फिटिंगच्या पोटातून एक नळी आत जाते आणि हलका बाक घेऊन तळाकडे उतरते. आटे पूर्ण आवळले गेले, तेव्हा तो बाक नेमका खाली यायला हवा. एक चतुर्थांश फेरा इकडेतिकडे झाला, तर नळी आडवी राहते आणि निम्मी टाकी भरलेली असताना गाडी बंद पडते.

त्यासाठी क्रम उलटा केला. नळीशिवाय नवं फिटिंग वॉशरसह टाकीवर पूर्ण आवळलं. षटकोनाच्या खालच्या बाजूवर टोच्याने बाण कोरला. मग ते काढून, टाकीपासून लांब टेबलावर, बाक बाणाच्या रेषेत धरून नळी चांदीच्या झाळीने पक्की केली. फ्लक्स गरम पाण्याने धुऊन काढला, तो राहिला तर पितळ खातो. ज्योत टाकीजवळ अजिबात न्यायची नाही. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त घातक, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात.

पुढे वॉशर बदलाल तेव्हा त्याची जाडी तीच ठेवा. या आट्याचा पिच 1.337 मिमी आहे. म्हणजे वॉशर 0.33 मिमी जाड किंवा पातळ झाला की बाक पाव फेरा सरकतो. मी जाडी मोजून वहीत लिहून ठेवली आहे.

नळीचं टोक तळापासून 12 मिमी वर ठेवलं, म्हणजे गंज आणि पाणी खालीच राहतात. त्यावर नवी पितळी जाळी चढवली.

टाकीत रॉकेल भरून ती तोंड खाली येईल अशी कलती केली आणि सांध्यावर खडूची पूड फासली. रॉकेल पेट्रोलसारखं पटकन उडून जात नाही, आणि ओल लागली की खडू लगेच काळवंडतो. रात्रभरात पूड कोरडीच राहिली. टाकी परत चढवून चावी फिरवली. पंप थोडा टिकटिकला आणि थांबला.

आता इंधनकाट्याच्या सेंडरची (टाकीतली पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाची) कॉर्कची गॅस्केट बदलायची आहे. तिचे स्क्रू गंजून बसलेत, सध्या त्यांवर तेल सोडून ठेवलं आहे.