तीन आठवडे थांबून मिळालेलं कॉपर ॲसिटेट

कॉपरवर काम का करतेस विचारलं तर खरं उत्तर एकच, रंग. झिंकवाले बिचारे पांढरी पावडर बघत बसतात (पण त्यांना एनएमआर, म्हणजे रेणूची रचना सांगणारा आलेख, तरी नीट मिळतो, आमचं कॉपर टू पॅरामॅग्नेटिक, म्हणजे एक सुटा इलेक्ट्रॉन असलेलं, सगळे पीक पसरून जातात). आणि याच रंगाने मला यावेळी गंडवलं.

झालं असं, सॅलिसिलाल्डिहाइड आणि ॲनिलिन जोडून शिफ बेस केला, मस्त पिवळा, काही त्रास नाही. हा माझा लिगंड, म्हणजे कॉपरला धरून ठेवणारा रेणू, आणि मला हवे होते दोघांच्या कॉम्प्लेक्सचे क्रिस्टल. तो गरम मिथेनॉलमध्ये विरघळवून कॉपर ॲसिटेटचं सोल्युशन ओतलं, लगेच तपकिरी साका बसला, तो गाळून बाजूला ठेवला आणि खालचं फिल्ट्रेट बीकरमध्ये, वर पॅराफिल्म (झाकणासारखी ताणून लावायची पातळ फिल्म) लावून तिला चार भोकं पाडून, कोपऱ्यात सोडून दिलं. रोज उघडून बघायचं नाही असं ठरवलेलं, पण बघत होतेच. तीन आठवड्यांनी काचेला गडद निळे-हिरवे क्रिस्टल चिकटलेले, कडा अशा धारदार की बस! तपकिरी पावडरकडे मी ढुंकूनही बघितलं नाही.

मायक्रोस्कोपखाली पोलराइज्ड लाइटमध्ये फिरवला, सगळा एकदम काळा व्हायचा, एकदम उजळायचा, म्हणजे एकच क्रिस्टल. तेलात बुडवून बारीक लूपवर उचलला, एक्स-रे मशीनवर 100 केल्विनच्या नायट्रोजनच्या झोतात लावला. मशीनवरच्या दादाने पहिल्या थोड्या फ्रेम्सवरून युनिट सेल (क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या चौकटीची मापं) काढला, डेटाबेसमध्ये टाकला आणि म्हणाला, "अगं, हे तर कॉपर ॲसिटेट आहे."

मग हिशोब करत बसले. एका कॉपरला दोन लिगंड लागतात आणि मी लिगंड आणि कॉपर ॲसिटेट दोन्ही 0.2 ग्रॅमच घेतलं होतं. मोलर मास अनुक्रमे 197 आणि 199.65, वजन सारखं म्हणजे मोल सारखे, म्हणजे निम्मं कॉपर उरलेलंच! काट्यावर आकडे जुळले म्हणून खूश झाले होते मी.

तरी कॉपर ॲसिटेट कंटाळवाणं नाही हां. चार ॲसिटेट दोन कॉपरना चिमट्यासारखे धरून ठेवतात, दोन्ही टोकांना एकेक पाणी, आणि कॉपर-कॉपर अंतर साधारण 2.6 अँगस्ट्रॉम. 1952 मध्ये ब्लीनी आणि बॉवर्स यांनी ईपीआरवरून (सुटे इलेक्ट्रॉन बघायची पद्धत) ही जोडी ओळखली, एक्स-रे स्ट्रक्चर त्याच्या पुढच्या वर्षी आलं. दोन्ही कॉपरचे सुटे इलेक्ट्रॉन एकमेकांचं चुंबकत्व दाबतात म्हणून मॅग्नेटिक मोमेंट रूम टेंपरेचरला दर कॉपरमागे 1.4 बोर मॅग्नेटॉनच्या आसपास येतो, एकट्या इलेक्ट्रॉनचा 1.73 यायला हवा.

शेवटी त्या दुर्लक्षित तपकिरी पावडरचा आयआर (रेणूतले बंध दाखवणारा इन्फ्रारेड आलेख) घेतला तर लिगंडचा ओएच बंधाचा पीक गायब, C=N चा थोडा खाली सरकलेला, म्हणजे लिगंड कॉपरला जोडला गेलेला. म्हणजे माल तिथेच होता, पहिल्या दिवसापासून, फिल्टर पेपरवर. आता क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून वर हळूच मिथेनॉलचा थर दिलाय.

निळे-हिरवे क्रिस्टल फेकायला जीव होईना. बाटलीत भरून लेबल लावलंय: कॉपर ॲसिटेट, शुद्ध, पुन्हा वापरायला चालेल.