पदवी ते हँगर: हॅम्बर्गमधले पहिले महिने

जर्मनीत हॅम्बर्गला उतरले तेव्हा बॅगेत एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची पदवी होती आणि एका विमान दुरुस्ती कंपनीचं जॉइनिंग लेटर. पहिल्या दिवशी हँगरच्या दारापर्यंत गेले, पण आत जाता आलं नाही. विमानतळाच्या सुरक्षित भागाचा पास देण्याआधी मागच्या किमान 5 वर्षांचा हिशोब तपासतात: शिक्षण, नोकरी आणि मधला रिकामा काळसुद्धा. त्या काळात ज्या ज्या देशात राहिलो, तिथली गुन्हेविषयक नोंदही पाहतात. पदवीनंतरचे माझे सात महिने नोकरी शोधण्यात गेले होते आणि त्याचा एकही कागद माझ्याकडे नव्हता. पाच आठवडे ऑफिसात मॅन्युअल वाचत बसले. तुम्ही पोलिसांचा दाखला आणि रिकाम्या महिन्यांचा लेखी पुरावा निघण्याआधीच गोळा करा. परक्या देशातून ही कागदपत्रं मागवताना जीव मेटाकुटीला येतो.

दुसरी गोष्ट आत गेल्यावर कळली. पदवी असली तरी दुरुस्तीनंतर विमान उडायला सोडण्याची सही करता येत नाही. त्यासाठी पार्ट 66 चं लायसन्स, म्हणजे युरोपियन युनियनच्या नियमांखालचा विमान दुरुस्तीचा परवाना, लागतो. बी1 म्हणजे विमानाचा सांगाडा, इंजिन आणि यांत्रिक व विद्युत यंत्रणा, बी2 म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. परीक्षा मॉड्यूलमध्ये, म्हणजे विषयांमध्ये, विभागलेली असते; प्रत्येक मॉड्यूलला पास व्हायला 75 टक्के लागतात आणि सगळी मॉड्यूल 10 वर्षांच्या आत संपवावी लागतात. मोठ्या जेट विमानांच्या बी1 साठी आधीचं तांत्रिक प्रशिक्षण नसेल तर 5 वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, पार्ट 147 ची (प्रशिक्षण संस्थांसाठीचा नियम) मान्यता असलेला बेसिक कोर्स केला असेल तर 2. त्यामुळे कोर्सला पैसे भरण्याआधी मान्यता कुणाची आहे ते बघा. ब्रिटनचं लायसन्स 2021 पासून वेगळं झालंय, तेव्हा कुठे काम करायचं हे आधी ठरवा. डिझाइन किंवा स्ट्रेसच्या (भाग किती भार सोसतील ते तपासण्याच्या) कामाला हे लायसन्स लागत नाही. मात्र अमेरिकेत संरक्षणाशी जोडलेली बरीच कामं निर्यात नियमांमुळे परदेशी इंजिनिअरला मिळत नाहीत.

हँगरमधली एक रात्र मात्र कायम लक्षात राहील. शिफ्ट संपताना टूलबोर्डवर (हत्यारं टांगायच्या फळीवर) एका सॉकेटची, म्हणजे नट-बोल्ट फिरवायच्या पान्याच्या तोंडाची, जागा रिकामी दिसली. विमान सोडायची वेळ होत आली होती, तरी काम थांबलं. सहा जणांनी टॉर्च घेऊन इंजिनच्या काउलखाली (बाहेरच्या आवरणाखाली) शोधलं, शेवटी ते एका ब्रॅकेटमागे सापडलं. कुणीही आवाज चढवला नाही. त्या रात्री मला या पेशाबद्दल खरा आदर वाटला. पुढच्या आठवड्यात लॉकवायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार, शिकले: बोल्ट आवळला जाईल त्याच दिशेला वायरची ओढ हवी. माझी पहिली वायर मला शिकवणाऱ्या सरांनी कापून टाकली, दुसरीही. तिसरी राहिली.

आणि लॉगबुक, म्हणजे लायसन्ससाठीच्या अनुभवाची नोंदवही. केलेल्या प्रत्येक कामावर त्याच आठवड्यात सही घ्या. माझे सर दुसऱ्या शिफ्टला गेले आणि पहिल्या महिन्यातली अकरा कामं सहीशिवाय राहिली. ती कामं मी परत केली.