तळव्याची जखम भरत का नाही?

कुष्ठरोगावरच्या एमडीटीचा (अनेक औषधं एकत्र देण्याच्या उपचाराचा) कोर्स पूर्ण झाला, तरी पायाची जखम तशीच, अशी तक्रार कायम येते. एमडीटी कुष्ठरोगाचे जंतू मारते, गेलेली नस मात्र परत आणत नाही. घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्यात उतरणारी नस निकामी झाली की तळवा बधिर होतो. दुखत नाही म्हणून माणूस त्याच जागेवर भार देत चालतो, आणि चवड्याखाली घट्टा धरून आतून जखम होते. मलम कितीही महागाचं आणा, पाय टेकत राहिला तर ती भरत नाही.

रोज 20 मिनिटं पाय साध्या पाण्यात भिजवा. गरम पाणी नकोच, चटका कळणार नाही. मग जखमेभोवतीचा मऊ झालेला घट्टा खरबरीत दगडाने हलक्या हाताने घासा. तो राहिला तर पायाखाली खडा असल्यासारखा दाब पडतो आणि त्याखाली पू कोंडतो. ओल्या कातडीला तेल लावा, बोटांच्या बेचक्यांत नको. जखमेवर स्वच्छ गॉज आणि पट्टी. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की भरत आलेलं कोवळं मांस जळतं.

जखम स्वच्छ असेल तर गुडघ्याखालचं, तळव्याला नीट बसणारं प्लास्टर उत्तम. सूज उतरली की ते सैल होऊन आत घासतं, म्हणून पहिलं आठवड्याभरात बदलायचंच. पू, दुर्गंधी, ताप किंवा जांघेत गाठ असेल तर प्लास्टर घालू नये, आधी कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) मोठ्या दवाखान्यात दाखवावं. तपासताना जखमेत घातलेली सळई हाडाला लागली तर हाड कुजल्याचा संशय धरतात. सुरुवातीचा एक्स-रे चांगला दिसला तरी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढावा लागतो. मेलेला हाडाचा तुकडा आत राहिला तर वरून बंद झालेली जखम पुन्हा फुटते. वर्षानुवर्षांच्या जखमेतून मांस वर वाढू लागलं तर त्या मांसाचा तुकडा कॅन्सरसाठी तपासायलाच हवा.

आणि चप्पल. आपली कोल्हापुरी कितीही देखणी असली तरी या पायांना चालत नाही: तळ कडक, मागे पट्टा नाही, वाकडी बोटं तिला धरू शकत नाहीत. एमसीआरची (मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे मऊ सच्छिद्र रबराची), मागे पट्टा असलेली, खिळे नसलेली चप्पल घ्या. आतलं रबर चिमटीत दाबून बघा. निम्म्यापर्यंत दबून लगेच वर आलं पाहिजे. येत नसेल तर बदला. उसाच्या रानात तोडलेले खुंट बधिर पायात घुसलेले कळत नाहीत, तिथे अनवाणी उतरूच नका. संध्याकाळी आरशात तळवा बघा आणि हाताने चाचपा. एखादी जागा बाकी पायापेक्षा गरम लागली तर दुसऱ्या दिवशी चालणं बंद ठेवा.